राणी पद्माक्षीची लेन्स

“बाई उभी रवता ती डोळ्यांनी. लुगडा काय, कोणय नेसता.”

हरेश्वरमामांचा हा आवाज मी लहानपणी आमच्या गावी, देवळामागे बांधलेल्या चादरीआडून ऐकला. मामा दिवसा शेतात राबायचे आणि जत्रेला दशावतारातल्या राण्या करायचे. सफेदा लावून झाला की पापण्या खाली सोडून बसत, आणि मग सावकाश, विहिरीतून भरली घागर वर यावी तशी नजर वर आणत. समोरचा माणूस पान चघळायचा थांबे. त्या दिवशी कुणीतरी त्यांच्या लुगड्याचं कौतुक केलं होतं आणि ते मामांच्या मनाला लागलं होतं.

मामा गेले. शेत मामेभावांकडे गेलं आणि राण्या माझ्याकडे आल्या. मामांची कंबर आली, हात आले, मान वेळावण्याची ढबही आली. डोळे तेवढे आले नाहीत. मला शाळेपासून चष्मा. आणि चष्मा म्हणजे सोड्याच्या बाटलीची बुडं कापून तारेत बसवावीत, तसा.

आमच्या गावच्या मुंबईकरांचं मंडळ घोडपदेवला. बहुतेक सगळे गिरणीतले, मी एकटा सहकारी बँकेत. त्यामुळे मंडळात मी सुशिक्षित, म्हणजे अर्ज लिहिणारा. संपानंतर माणसं विखुरली. कोण मंडईत गेला, कोण रखवालीवर लागला, कोण गावी जाऊन परत आलाच नाही. पण वर्षातून एकदा चाळीच्या पटांगणात ‘पद्माक्षी-स्वयंवर’ व्हायचंच. गिरण्यांची दारं बंद झाली म्हणून राणीने लग्नाची राहावं, हे कुणालाच मान्य नव्हतं.

आख्यान सोपं आहे. पद्माक्षी म्हणजे कमळासारख्या डोळ्यांची. तिच्या स्वयंवराला राजा चंद्रसेन येतो आणि त्याचंच रूप घेऊन एक मायावी राक्षसही येतो. तोच झगा, तोच मुकुट, तीच दाढी. फरक कपाळावर. खऱ्या राजाचा टिळा उभा, राक्षसाचा आडवा. दोन राजे पाहून राणीला मूर्च्छा येते. मृदंगाच्या तालावर दोघे तिच्याभोवती फेर धरतात आणि थांबले की मुक्याने उभे राहतात. राणी शुद्धीवर येते, एक पद म्हणते आणि नुसत्या नजरेने खरा राजा ओळखून त्याला हार घालते. पुढे राक्षसाचा वध, आरती आणि चहा.

चंद्रसेन म्हणजे लवूनाना. ते मंडळाचे अध्यक्षही होते, आणि दोन्ही पदं त्यांनी कधी वेगळी मानली नाहीत. राक्षस कुशाबा. हा पूर्वी गिरणीत सांचे, म्हणजे माग, चालवायचा, संपानंतर भायखळ्याच्या मंडईत गोणी उतरवायला लागला. संपाच्या वर्षी त्याचं लग्न ठरलं होतं. संप लांबला, मुलीकडच्यांनी वाट पाहिली, मग पाहणं सोडलं. तेव्हापासून कुशाबा बोलायचा तो वर्षातून एकदाच, राक्षस म्हणून. बाकी वर्षभर हुंकारावर भागवायचा.

आता माझी अडचण लक्षात येईल. पुराणात विमानं आहेत, अग्निबाण आहेत, चष्मा कुठेही नाही. कमळासारखे डोळे काचेआड ठेवून राणी स्वयंवराला येऊ शकत नाही. म्हणून मी वर्षानुवर्षं बिनचष्म्याचा उभा राहिलो आणि अंदाजाने राज्य केलं. ते एका वर्षी अंगाशी आलं. आलेल्या राजांचं स्वागत करताना मी मांडवाच्या खांबापुढे लवून, प्रवासात काही त्रास तर झाला नाही ना, असं विचारलं. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, ज्याला सुचेल ते त्याने बोलायचं. खांबाला काही सुचलं नाही. मी तरीही त्याला आसन दिलं.

लवूनानांनी मेकअप पुसता पुसताच निकाल दिला. पुढच्या वर्षी राणीला दिसलं पाहिजे, नाहीतर राणी उत्तम. हा उत्तम अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत राहायचा आणि माझ्या सखीचं काम करायचा. नजर घारीची, कंबर माझ्यापेक्षा बारीक, आणि वागायला इतका नम्र की त्याचा राग करायचीही सोय नव्हती. मामांच्या राण्या त्याच्या हाती जाणार या विचाराने मला जेवण जाईना. मृणालिनीने, म्हणजे माझ्या बायकोने, ते ओळखलं. ती दादरची, शाळेत शिकवणारी. तिच्या माहेरी पुरुष लुगडं नेसत नसत, पण लग्नानंतर तिने माझ्या निऱ्यांना हात लावला तो कायमचा. तिनेच लेन्सचं काढलं.

ही बातमी चाळीत पोचायला वेळ लागला नाही. कुणी म्हणालं, लेन्स डोळ्यामागे जाऊन मेंदूत शिरते. कुणी म्हणालं, त्यापेक्षा गाजर खा. शेजारच्या सोनूबाईचं मत वेगळं पडलं. ती कोळीण, भायखळ्याला मासळी विकायची आणि जगातल्या सगळ्या डोळ्यांकडे धंद्याच्या नजरेने पाहायची. तिने माझी हनुवटी धरून डोळे उजेडाकडे वळवले, खालची पापणी ओढली आणि हा बरफातला माल आहे, यावर कायपण घाला, ताजा दिसणार न्हाय, असं सांगितलं.

गिरगावात एका जुन्या इमारतीत लाकडी जिना चढून पाठारे डॉक्टरांकडे गेलो. काम काय करता, त्यांनी विचारलं. बँकेत, मी म्हणालो. बसून की उभ्याने? बसून. आडवं पडून काही करावं लागतं का? आता परळ-लालबागच्या पलीकडच्या, इस्त्रीच्या कपड्यातल्या डॉक्टरांना मी कसं सांगणार, की मी लुगडं नेसून मूर्च्छित पडतो? मी मानेनेच नाही म्हटलं. मृणालिनीने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या अक्षरांकडे पाहिलं, जी मला दिसत नव्हती.

पाठाऱ्यांनी आधी साधी मऊ लेन्स दिली. ती डोळ्यात गेली आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक भूत चिकटलं. दिव्याला दुसरा दिवा, कॅशियरला दुसरा कॅशियर, चेकवरच्या तीनाचा आठ. दुसऱ्या खेपेला पाठाऱ्यांनी समजावलं. माणसाचं बुबुळ चेंडूसारखं गोल असावं, माझं आंब्यासारखं होतं, एका अंगाने जास्त वळलेलं. मऊ लेन्स त्यावर ओल्या धोतरासारखी चिकटते. खालचं अंग वाकडं तर वरचं धोतरही वाकडं. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की आपल्या डोळ्याचा अपमान झाला हे मला जिना उतरल्यावर कळलं.

मग माझ्यासाठी वेगळ्या घडणीची लेन्स आली. तिच्यातच माझ्या वाकडेपणाचं उलट वाकडेपण घातलेलं. पण त्यात मेख अशी की अशी लेन्स डोळ्यात फिरून चालत नाही. साधी लेन्स भिंगरीसारखी फिरली तरी फरक पडत नाही, ही जरा कलली की वाकड्यावर वाकडं बसून चित्र फिस्कटतं. म्हणून तिची खालची कड मुद्दाम जाड केलेली. ओला चिंचोका चिमटीत दाबला की सटकतो ना, पाठारे म्हणाले, तशी वरची पापणी मिटताना ती जाड कड खाली सटकवते आणि लेन्सला जागेवर बसवते. कडेला केसाएवढी रेघ होती, ती बरोबर खाली राहिली की समजायचं, सगळं ठीक. कलली तर पापण्या मिटत-उघडत राहा, हळूहळू येते जागेवर. मला हे मनापासून पटलं. बूड जड असलं की माणूस जागेवर राहतो, हे मी बँकेत रोज बघत होतो.

घालण्याचं शिक्षण घरी, गॅलरीत, उजेडाला तोंड करून. मृणालिनी लेन्स बोटाच्या टोकावर धरून निरखायची. कड वाटीसारखी उभी असली तर सुलट, बशीसारखी पसरली तर उलट. सकाळच्या घाईत तिने वाटी की बशी असं पुटपुटलं की शेजारच्या खोल्यांतून सल्ले येत. वाटीच्या बाजूने जास्त लोक होते.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी लेन्स जागेवर बसली आणि समोरच्या चाळीच्या कठड्यावरची मोगऱ्याची कुंडी मला दिसली. कुंडी पूर्वीही दिसायची. पण मोगऱ्याला पानं असतात, आणि प्रत्येक पानाला आपापली कड असते, हे मी चष्म्याच्या चौकटीबाहेर प्रथमच पाहिलं. मृणालिनीच्या कानामागे एक केस पांढरा झाला होता. तो मी पाहिला आणि काही बोललो नाही. एवढं कळायला लेन्स लागत नाही.

जाड कडेचा एक त्रास होता. ती खालच्या पापणीला टोचायची आणि मी सारखे डोळे मिचकावायचो. बँकेतल्या एका विधवा खातेदारणीने माझ्या खिडकीशी यायचं बंद केलं. वैद्यकीय खर्चाचा अर्ज केला तर साहेबांनी आजाराचं नाव विचारलं. वाकडं बुबुळ म्हटलं तर ते म्हणाले, त्याला चष्मा आहेच की तुमच्याकडे. हा चष्म्यावरचा चष्मा कशासाठी? अर्ज परत आला, त्यावर ‘शोभेची वस्तू’ असा शेरा होता. राणीच्या डोळ्यांना याहून मोठी पावती मिळाली नसती, पण ती मला फ्रेम करता आली नाही.

दुसरा अर्ज प्रयोगाच्या परवानगीचा. त्या कचेरीतल्या गृहस्थांनी संहिता मागितली. दशावताराला संहिता नसते, नट आपल्या मनाचं बोलतात, हे मी सांगितल्यावर ते खुर्चीतच मागे सरले. म्हणजे राणी कुणाला हार घालील हे आम्हाला आधी कळणारच नाही? शेवटी लवूनानांनी सहीनिशी हमी दिली की राणी पद्माक्षी राजा चंद्रसेनालाच हार घालील, अन्य कुणालाही नाही. संध्याकाळी ध्वनिक्षेपक नको म्हणून प्रयोग रविवारी दुपारी ठरला. राक्षसाला ऊन लागू नये म्हणून कुणीतरी मांडवावर जुन्या चादरी घातल्या.

प्रयोगाच्या दिवशी मी आधी लेन्स घातली, मग सफेदा, मग केसांचा टोप. चादरीआडून नजर वर उचलत बाहेर आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला प्रेक्षक दिसले. इतकी वर्षं मी एका धुक्यापुढे लाजत होतो. त्या धुक्यात ही सगळी माणसं होती. पुढच्या रांगेत सोनूबाई पाटी पालथी घालून बसलेली. मृणालिनी खांबाशी. खांबाला मी या वेळी ओळख दिली नाही. राजांचं स्वागत असं केलं की लवूनानांनी दाढीआडून मान डोलावली. आडवा टिळा, उभा टिळा, दोन्ही काळ्या पाटीवर खडूने ओढावेत तसे स्वच्छ. उत्तम हाराचं तबक घेऊन उभा होता, त्याचा चेहराही पडलेला दिसला, आणि मला त्याची दया आली. दया करण्याइतकं स्पष्ट दिसणं ही मोठी श्रीमंती आहे.

मग मूर्च्छा आली.

मामा पडत तसाच मी पडलो. उजव्या गालावर, एक हात लांब टाकून, डोळे मिटून. मृदंग सुरू झाला. दोघांच्या पायांतली घुंगरं माझ्याभोवती फिरायला लागली, एकदा या कानाशी, एकदा त्या कानाशी. मृदंगवाला रंगात आला होता, फेर संपेचना. आणि तिकडे मिटल्या पापण्यांच्या आत, आडव्या डोळ्यात, ती जाड बुडाची लेन्स शांतपणे कुशीवर वळली.

उत्तमने सावरून उठवलं. मी नजर वर उचलली. समोर दोन राजे, प्रत्येकाला एक भूत, आणि दोघांच्याही कपाळावर तिरका टिळा. उभाही नाही, आडवाही नाही. दोघेही मुके. दोघांचे झगे एकाच थानातले. मी मान इकडे कलवली तर टिळे तिकडे कलले.

पद म्हणायचं होतं, ते म्हटलं.

दोन दिवे, एक वात,
कोण खरा माझा नाथ?
डोळ्या, तूच दे रे साक्ष,
माझा थरथरतो हात.

लोकांना ते आवडलं. मला पाठाऱ्यांचं वाक्य आठवलं, पापण्या मिटत-उघडत राहा. मी डावीकडच्या राजाकडे तोंड करून पापण्या मिटल्या, उघडल्या, मिटल्या. मागून शिट्टी आली. मी पद पुन्हा म्हटलं आणि त्याच राजाकडे पाहत पुन्हा मिचकावलं. आता शिट्ट्या सगळीकडून. पायपेटीवाला सूर धरून बसला होता, त्याचा पाय दुखत असणार. डावीकडचा टिळा जरा, अगदी जरासा, उभा राहिल्यासारखा वाटला. त्या राजाने मान किंचित पुढे केली. मी हार घातला.

मग उजवीकडचा राजा लवूनानांच्या आवाजात गरजला, हे अधमे, डोळे आहेत की गारगोट्या. तेव्हा मला कळलं.

यापुढचं जे झालं ते लाजेने केलं की कलेने, माहीत नाही. मी हात जोडून म्हटलं, महाराज, हा राक्षस नव्हे, हा शापित गंधर्व. एका स्त्रीने आपणहून हार घातला तरच याचा उद्धार होता, म्हणून मी स्वतःचं सौभाग्य दिलं. बायका डोळ्याला पदर लावायला लागल्या. आता वध करू नका, असं पब्लिकच सांगायला लागलं. लवूनानांनी उपसलेली तलवार ठेवायला जागा सापडेना. शेवटी त्यांनी तथास्तु म्हटलं, पण ते म्हणण्याचा त्यांचा सूर पुराणातला नव्हता. कुशाबाने एवढ्या वेळात एक शब्द उच्चारला नाही. गंधर्वाने काय बोलायचं हे त्याला ठाऊक नसेल, असं मी धरून चाललो. आरती झाल्यावर चहासाठी हाका मारल्या, तर तो गळ्यात हार तसाच ठेवून भायखळ्याच्या दिशेने चालू लागला होता.

मंडळाची बैठक पुढच्या रविवारी, लवूनानांच्या खोलीत. हमी मोडली म्हणून कचेरीतून बोलावणं येईल, ही भीती त्यांना होती. राग तर खांबाला आसन दिलं तेव्हापासूनचा वाटत होता. पेटाऱ्यातून काढलेला राणीचा टोप त्यांनी सरळ उत्तमच्या हातात दिला. मी लेन्सच्या घडणीवर भाषण केलं. जाड कड, चिंचोका, आंबा, सगळं सांगितलं. मृणालिनीने त्यात पुस्ती जोडली की आडवं झाल्यावर ती फिरते, उभ्याने फिरत नाही. दोष माणसाचा नाही, मूर्च्छेचा आहे. लवूनाना म्हणाले, आत्ताच बघू. आणि बँकेतल्या माणसाला, इस्त्रीच्या पँटीसकट, चटईवर उजव्या गालावर निजवण्यात आलं. उत्तमने स्वतःच्या कपाळावर खडूची रेघ ओढली. उठून मी म्हणालो, आडवी. ती उभी होती. उत्तमलाच वाईट वाटून त्याने ती घाईघाईने पुसली.

निकाल आधीच सांगून टाकतो. पुढच्या वर्षीही पद्माक्षी मीच होतो. पाठाऱ्यांना सगळं खरं सांगितलं आणि मूर्च्छा बसल्या जागी, भिंतीला टेकून घ्यायची पद्धत पाडली. टोप त्याच बैठकीत उत्तमने स्वतःहून माझ्या मांडीवर आणून ठेवला. पण तो माझ्या भाषणाने नव्हे.

झालं असं, की लवूनानांनी विचारलं, यंदा लेन्सने घात केला, कबूल. मग इतकी वर्षं लेन्स नव्हती, चष्मा नव्हता, तरी हार बरोबर माझ्याच गळ्यात कसा पडायचा? मी साधनेचा विषय काढला. मामांचं नाव घेतलं. तेवढ्यात दाराशी उकिडव्या बसलेल्या कुशाबाने घसा खाकरला. सगळे वळले, कारण राक्षसाचा झगा नसताना त्याला बोलताना कुणी पाहिलं नव्हतं.

“हार दरवर्षी माझ्याकडेच येता, नाना,” तो म्हणाला. “ह्येका दिसता खय? फेर थांबलो की हो माझ्याच अंगावर चालत येता. मी आपलो मागे सरकतंय नि तुमका फुडे करतंय. लोकांक वाटता, राक्षस भियालो.”

माझ्या साधनेबद्दल पुढे कुणी काही विचारलं नाही. लवूनाना उठून कुशाबासमोर येऊन बसले.

“मग यंदा कित्याक नाय सरकलंस?” त्यांनी विचारलं, पण गरजून नव्हे.

कुशाबा चटईची काडी उसकटत होता. ती तुटली तेव्हा त्याने ती नीट बाजूला ठेवली.

“दरवर्षी ती न बघता येय, म्हणान मी सरकय,” तो म्हणाला. “यंदा डोळे घालून इली होती. माझ्याकडे तोंड करून किती वेळ उभी रवली. पद पण दोनदा म्हटल्यान. माका वाटला, बघून इली.”